मुलांच्या इसबाची देखभाल : मलमांचा आणि समजुतींचा इतिहास

बालवयातील इसब हा दीर्घ मुदतीचा आजार आहे. कोरडी त्वचा, तीव्र खाज आणि पुन्हा पुन्हा उठणारे लालसर चट्टे ही त्याची मुख्य लक्षणे होत. तान्ह्या बाळात तो बहुधा गालांवर, कपाळावर आणि डोक्यावर दिसतो. मूल चालू लागल्यावर तो कोपरांच्या व गुडघ्यांच्या आतील घड्या, मनगटे, घोटे आणि मान येथे ठाण मांडतो. खाज सुटली की मूल ओरबाडते. ओरबाडल्याने कातडी फाटते, लस येते, खपल्या धरतात, जंतू शिरतात आणि खाज आणखी वाढते. मुलाबरोबर सगळ्या घराची झोप मोडते. बरीच मुले मोठी होता होता यातून सुटतात, पण तोपर्यंतची वर्षे रोजच्या देखभालीवर काढावी लागतात.

या देखभालीतले सर्वांत जुने साधन म्हणजे अंगाला लावायचा स्निग्ध पदार्थ. तूप, तेल, मेण, लोकरीतील मेद आणि व्हॅसलिन हे सारे दोन हजार वर्षांत मुलांच्या त्वचेवर लावले गेले. त्यांचा नेमका उपयोग काय होतो, हे मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळले. मधल्या काळात आजाराचे मूळ रक्तात, दुधात, नसांत, अन्नात अशा वेगवेगळ्या जागी शोधले गेले, आणि प्रत्येक समजुतीची किंमत लहान मुलांनी मोजली.

प्राचीन नोंदी

रोमचा सम्राट ऑगस्टस याच्या चरित्रात सुएटोनियसने त्याच्या त्वचेचे वर्णन केले आहे. सम्राटाला सतत खाज सुटे, अंग घासण्याच्या धातूच्या पट्टीने तो ते जोरजोराने खरवडून घेई आणि त्यामुळे ठिकठिकाणी कातडी जाड झाली होती. ठरावीक ऋतूंत होणाऱ्या त्याच्या दुखण्यांचाही तेथे उल्लेख आहे. इसब, दमा आणि शिंकांचा त्रास एकाच माणसात आढळतो, हे ठाऊक असलेल्या आधुनिक अभ्यासकांना हे वर्णन ओळखीचे वाटते.

भारतीय वैद्यकात त्वचारोगांची मांडणी ‘कुष्ठ’ या व्यापक सदराखाली झाली. चरकसंहितेत सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे सांगितली आहेत. क्षुद्रकुष्ठांतील विचर्चिका इसबाच्या सर्वांत जवळची. चरकाच्या वर्णनात ती खाजरी, काळसर आणि पुष्कळ स्राव होणारी आहे, तर सुश्रुताच्या वर्णनात कोरडेपणा आणि कातडीवरच्या रेषांना महत्त्व आहे. एकाच आजाराची ओली आणि सुकी अशी दोन रूपे असतात, हे आज माहीत असल्याने ही दोन्ही वर्णने परस्परविरोधी वाटत नाहीत. उपचारात वमन-विरेचनाने दोष बाहेर काढण्याबरोबरच निंब, करंज, हळद यांचे लेप आणि औषधी तुपे होती. दाहावर सांगितलेले शतधौत घृत म्हणजे पाण्याने शंभर वेळा धुतलेले तूप. अशा धुण्याने तुपाचा रवाळपणा आणि वास जातो, त्यात पाणी मिसळते आणि पांढरे, मऊ, थंड मलम तयार होते.

याच तत्त्वावर दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेनने मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी घोटून मलम केल्याचे परंपरा सांगते. आजच्या कोल्ड क्रीमचा उगम त्यात मानला जातो. मेदात पाणी घोटून बसवले की ते त्वचेवर सहज पसरते आणि पाणी उडताना गारवा देते, हे दोन्हीकडच्या वैद्यांना अनुभवाने कळले होते.

घरातले तेल

भारतात अंगाला तेल लावणे हा औषधोपचार होण्याआधीच दिनचर्येचा भाग झाला होता. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथाने दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग करावा, त्यातही डोके, कान आणि तळपाय यांना विशेष तेल लावावे असे सांगितले आहे. महाराष्ट्रात ही परंपरा दोन ठिकाणी ठळकपणे टिकली. एक दिवाळीचे अभ्यंगस्नान. थंडी सुरू होऊन कातडी फुटू लागण्याच्या सुमारास ते येते आणि तेल, उटणे, ऊन पाणी या क्रमाने होते. दुसरे बाळ-बाळंतिणीचे न्हाऊमाखू. अंगाला लावायला येणारी बाई बाळाला पायांवर घेऊन तेल चोळते, टाळू भरते, ऊन पाण्याने न्हाऊ घालते आणि शेक-धुरी देते. कोकणात व गोव्यात यासाठी खोबरेल, तर देशावर तिळाचे किंवा करडईचे तेल वापरात राहिले.

या प्रथेतील सर्वच गोष्टी इसबाच्या बाळाला मानवणाऱ्या नव्हत्या. अंगावरची लव जावी म्हणून डाळीच्या पिठाचा गोळा फिरवणे, उटण्याने खसखसून चोळणे, कडकडीत पाणी आणि धुरी यांनी आधीच फाटलेली कातडी अधिक चिडते. शिवाय तेल आंघोळीपूर्वी लावून पिठाने काढून टाकले जात असल्याने त्वचेवर त्याचा थर फारसा उरत नसे. तरीही मुलाच्या अंगाला रोज हात लागला पाहिजे आणि त्या हातात काही स्निग्ध असले पाहिजे, ही सवय प्रथेने घराघरांत रुजवली.

आतले विष बाहेर येऊ द्यावे

युरोपातही देहातील दोषांच्या सिद्धान्तावरच वैद्यक उभे होते. १५७२ साली जिरोलामो मर्कुरिआले या इटालियन वैद्याच्या व्याख्यानांतून त्वचारोगांवरचे पहिले पद्धतशीर पुस्तक तयार झाले. लहान मुलांच्या डोक्यावरचे व चेहऱ्यावरचे ओले पुरळ म्हणजे शरीराने बाहेर टाकलेली घाण, ही समजूत त्या काळात दृढ होती. बाळाच्या गालांवरच्या खपल्यांचा संबंध आईच्या दुधाशी जोडला जाई. असे पुरळ औषधाने दाबले तर दोष आत वळून फुफ्फुसांवर किंवा मेंदूवर जाईल, अशी भीती वैद्य आणि आया या दोघांच्याही मनात होती.

या भीतीला एक आधार सापडत असे. इसबाच्या काही मुलांना पुढे दम्याचा त्रास सुरू होतो. त्वचा सुधारली आणि श्वास बिघडला, हा क्रम डोळ्यांसमोर घडला की पहिल्यामुळे दुसरे झाले असे वाटणे सोपे होते. आजही अनेक घरांत ‘इसब दाबू नये’ हे वाक्य ऐकू येते, त्याची मुळे येथवर जातात. परिणामी शेकडो वर्षे ओल्या, जंतूंनी भरलेल्या कातडीची मुले उपचाराविना ठेवली गेली किंवा त्यांना जुलाब देऊन ‘शुद्ध’ करण्यात आले. लंडनच्या डॅनियल टर्नरने १७१४ साली इंग्रजीत त्वचारोगांवर पुस्तक लिहिले आणि बाहेरून लावलेले औषध त्वचेतून आत पोहोचते असा युक्तिवाद केला. पण समजूत लगेच बदलली नाही.

वर्गीकरण आणि निरीक्षण

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या गरिबांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या रॉबर्ट विलनने त्वचारोगांची डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून वर्गवारी केली. पुटकुळी, फोड, खवले, गाठ अशा मूळ खुणा निश्चित झाल्याने दोन डॉक्टर एकाच चट्ट्याबद्दल एकाच भाषेत बोलू शकले. विलनच्या यादीत एक्झिमा होता, पण तो मुख्यतः ऊन, पारा यांसारख्या चिडवणाऱ्या गोष्टींनी उठणारा. बाळाच्या चेहऱ्यावरच्या खपल्या त्याने वेगळ्याच गटात घातल्या. दोन्हींना एकत्र आणण्याचे काम पुढच्या पिढ्यांनी केले.

दोषांच्या सिद्धान्तावर निर्णायक घाव खरजेच्या निमित्ताने बसला. खरजेचा किडा १६८७ साली इटलीत बोनोमोने वर्णिला होता, पण तो विस्मृतीत गेला. १८३४ साली पॅरिसमध्ये रेनुची या कॉर्सिकन विद्यार्थ्याने तो सुईने काढून दाखवला. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्राने स्वतःच्या अंगावर हे किडे सोडून घेतले आणि १८४४ साली ठामपणे मांडले की खरूज हा त्वचेवरचा, बाहेरून आलेला आणि बाहेरून बरा होणारा आजार आहे. जमालगोट्याच्या तेलासारख्या जळजळीत पदार्थाने इसबासारखी कातडी निर्माण होते, हेही त्याने दाखवले. त्वचेचा आजार त्वचेवरच हाताळता येतो, हा विश्वास त्याच्या शाळेतून जगभर गेला. मात्र हेब्राचे प्रसिद्ध मलम तेल आणि शिशाचे होते, आणि लहान मुलांच्या फाटक्या कातडीवर शिसे लावण्याचा धोका तेव्हा पुरेसा ओळखला गेला नव्हता.

मुंबईतही याच काळात त्वचारोगांकडे शास्त्रीय नजरेने पाहिले जाऊ लागले. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. हेन्री व्हँडाइक कार्टरने तेथे कुष्ठरोग आणि मदुरा पाय यांवर महत्त्वाचे काम केले. लंडनचा टिलबरी फॉक्स आणि टी. फार्कर यांनी भारतातील व उष्ण प्रदेशांतील त्वचारोगांवरचा ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध केला. ‘गोवा पावडर’ची कथाही याच शहराशी जोडलेली आहे. पोर्तुगीज व्यापारातून आलेली आणि गजकर्णावर वापरली जाणारी ही पिवळी भुकटी मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनी १८६४ साली इंग्लंडमधील औषधशास्त्रज्ञांच्या नजरेस आणली. ती ब्राझीलमधील एका झाडाच्या खोडातून मिळते, हे पुढे स्पष्ट झाले. गजकर्णावर आणि नंतर सोरायसिसवर ती उपयोगी पडली, पण ती त्वचेला जाळते. गजकर्ण आणि इसब यांत गल्लत करून असे औषध मुलाच्या इसबावर लावले तर आजार भडकतो. ‘खाजेचे औषध’ म्हणून एकच डबी सर्वांना लावण्याचा हा धोका पुढे वेगळ्या रूपात परत आला.

मलमांचे शतक

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मलमे डुकराची चरबी, लोणी, मेण किंवा वनस्पतिज तेल यांत केली जात. हे पदार्थ काही दिवसांत खवट होत आणि खवट चरबी इसबाच्या कातडीला झोंबे. १८५९ साली पेनसिल्व्हेनियातील तेलविहिरींवर गेलेल्या रॉबर्ट चीझब्रोच्या लक्षात आले की यंत्रांवर साठणारा मेणचट गाळ तेथील कामगार जखमांवर लावतात. तो शुद्ध करून त्याने व्हॅसलिन तयार केले आणि १८७२ साली त्याचे पेटंट मिळवले. न कुजणारा, वास नसलेला आणि त्वचेशी भांडण न करणारा स्वस्त पदार्थ प्रथमच घराघरांत पोहोचला. त्वचेतून पाण्याची वाफ रोखण्यात त्याची बरोबरी करणारे पदार्थ आजही थोडेच आहेत.

१८८० च्या दशकात बर्लिनच्या ऑस्कर लीबराइखने मेंढीच्या लोकरीतील मेद शुद्ध करून लॅनोलिन बाजारात आणले. ते स्वतःत बरेच पाणी धरू शकते. हॅम्बुर्गच्या पाउल गेर्सन उना याने जस्ताच्या लेपांवर आणि पट्ट्यांवर काम केले. आयझॅक लिफशुट्झने लोकरीच्या मेदातून पाणी आणि तेल एकजीव ठेवणारा घटक वेगळा केला. उना यांच्या सल्ल्याने ऑस्कर ट्रोप्लोविट्झ यांच्या बायर्सडॉर्फ कंपनीने त्याच्या आधारे १९११ साली निव्हिया क्रीम आणले. शतधौत घृतासाठी हाताने जे घोटावे लागे, ते आता कारखान्यात एकसारखे आणि टिकाऊ होऊ लागले.

औषधी मलमांत जस्ताचे भस्म, पिष्ट आणि व्हॅसलिन यांचा लासरचा लेप ओल्या चट्ट्यांवर, तर कोळशाचे डांबर जुन्या, जाड झालेल्या चट्ट्यांवर चालले. डांबराने खाज खरोखर कमी होई; पण ते काळे, उग्र वासाचे आणि कपडे खराब करणारे होते. मुलाच्या चेहऱ्यावर मलम माखलेल्या कापडाचा मुखवटा बांधायचा आणि खाजवता येऊ नये म्हणून कोपरांना पुठ्ठ्याच्या फळ्या लावून हात ताठ ठेवायचे, असा सल्ला विसाव्या शतकाच्या आरंभी पाठ्यपुस्तकांत मिळे. काही ठिकाणी हात पाळण्याला बांधत. खाज शमवणे हाती नव्हते, म्हणून खाजवणे थांबवले जात होते.

घराणे, नसा आणि अन्न

फ्रान्समध्ये ब्रोक आणि जाके यांनी १८९१ साली खाज आधी येते आणि कातडी जाड होणे हा खाजवण्याचा परिणाम आहे, असे मांडले. त्यांनी या विकाराचे मूळ नसांत पाहिले. पुढच्याच वर्षी अर्नेस्ट बेनिए याने लहानपणी सुरू होणारी, वर्षानुवर्षे चालणारी आणि दमा व परागज्वर यांच्याबरोबर एकाच घराण्यात आढळणारी खाज वेगळी काढून दाखवली. दबलेला इसब दम्याच्या रूपाने बाहेर येतो ही जुनी समजूत येथे मोडली. दोन्ही आजार एकाच प्रवृत्तीच्या फांद्या ठरले. १९२३ साली कोका आणि कुक या अमेरिकी संशोधकांनी अशा वंशपरंपरागत प्रवृत्तीला ‘अ‍ॅटोपी’ म्हटले आणि १९३३ साली वाइज आणि सल्झबर्गर यांनी या इसबासाठी ‘अ‍ॅटोपिक डर्मटायटिस’ हे नाव रूढ केले.

अ‍ॅलर्जीची कल्पना आल्यावर संशयाची सुई अन्नाकडे वळली. न्यूयॉर्कच्या ऑस्कर श्लॉसने १९१२ साली अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाची त्वचेवर चाचणी घेऊन दाखवली. १९२९ साली बॉस्टनच्या ल्युइस वेब हिल याने इसबाच्या बाळांना गाईच्या दुधाऐवजी सोयाबीनचे दूध देण्याचा प्रयोग केला. काही मुलांना याचा लाभ झाला, पण अनेकांचे दूध, अंडी, गहू, मासे एकामागून एक तोडले गेले आणि इसबाबरोबर कुपोषण आले. आज चाचणीने आणि मुलाच्या पूर्वेतिहासाने निश्चित झाल्याशिवाय वाढत्या मुलाचे अन्न तोडू नये, असा स्पष्ट सल्ला दिला जातो.

प्रतिजैविके येण्यापूर्वी मोठा धोका जंतूंचा होता; विषाणूंचाही होताच. फाटलेल्या कातडीत नागिणीच्या गटातील ओठांवरच्या फोडांचा विषाणू शिरला तर अंगभर फोड उठतात, याचे वर्णन व्हिएन्नाच्या कापोसीने १८८७ साली केले. देवीची लसही अशा मुलांना घातक ठरू शकत असे. त्या लशीतला जिवंत विषाणू इसबाच्या कातडीवर पसरून जिवावर बेते. म्हणून इसबाच्या मुलाला ती लस टाळण्याचा, आणि घरात असे मूल असेल तर भावंडांनाही न टोचण्याचा नियम झाला. भारतात या लशीची सुरुवात १८०२ साली मुंबईत झाली होती. १९८० साली देवीचे जागतिक निर्मूलन जाहीर झाल्यावर ही चिंता मिटली. आजच्या नेहमीच्या लसी इसबामुळे टाळण्याचे कारण नसते.

१९५२ : दोन शोधनिबंध

१९५२ साली एकाच अमेरिकी नियतकालिकात दोन निबंध आले. पहिल्यात बॉस्टनच्या अर्विन ब्लँकने एक साधा प्रश्न तपासला : कातडी कडक का होते? वाळलेला कातडीचा वरचा थर तेलात ठेवला तर तो मऊ होत नाही, पाणी मिळाले की होतो, असे त्याला आढळले. म्हणजे त्वचा मऊ ठेवते ते पाणी. तेलाचे काम ते पाणी आत धरून ठेवण्याचे. आंघोळीनंतर ओलसर अंगावर मलम का लावावे, याचे उत्तर या प्रयोगात आहे.

दुसऱ्या निबंधात सल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडच्या मलमाने इसब झपाट्याने शमतो, असे नोंदवले. त्याआधी कॉर्टिसोन लावून पाहिले होते, पण त्याचा त्वचेवर परिणाम होत नव्हता. हायड्रोकॉर्टिसोनचा मात्र झाला. मुखवटे, फळ्या आणि डांबर काही वर्षांत मागे पडले. जगाने दुसरा निबंध लगेच उचलला. पहिल्याचे महत्त्व कळायला तीन दशके लागली.

स्टेरॉइड : उपयोग, अतिरेक आणि भीती

हायड्रोकॉर्टिसोनच्या मागोमाग अधिक तीव्र स्टेरॉइडे आली. १९६२ साली मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी औषध लावल्यावर त्वचा किती फिकट पडते यावरून त्याची ताकद मोजण्याची रीत दिली, आणि सौम्य ते अतितीव्र अशी उतरंड तयार झाली. तीव्र मलमे महिनोन्‌महिने लावलेल्या मुलांत कातडी पातळ होणे, रेषा उमटणे, वाढ खुंटणे असे परिणाम दिसले. मग पारडे दुसरीकडे झुकले. पालक सौम्य मलमालाही घाबरू लागले आणि इतके थोडे लावू लागले की आजार हटेना. किती लावावे याचे सोपे माप कार्डिफच्या लाँग आणि फिनले यांनी १९९१ साली दिले : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

भारतात अतिरेकाने वेगळे वळण घेतले. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे गजकर्ण, खरूज, इसब, काळे डाग अशा कशावरही दुकानातून चिठ्ठीविना मिळत. गोरे करणारी क्रीम म्हणूनही स्टेरॉइडे खपत. खाज लगेच थांबते म्हणून घरात एकाला आणलेली ट्यूब तान्ह्या बाळालाही लावली जाई. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली आणि २०१८ साली त्वचेवर लावायची स्टेरॉइडे सरकारने चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. नियम कागदावर आला. दुकानांच्या फळ्यांवर त्याचा अंमल अजून अपुरा आहे.

भिंतीचा शोध

त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो, पेशी या विटा आणि त्यांच्यामधील मेद हा गिलावा, हे चित्र पीटर इलायस याने १९८० च्या दशकात मांडले. इसबात हा गिलावा विस्कळीत होतो, त्यामुळे आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचे साबण, धूळ, जंतू आत येतात. इसबाच्या कातडीवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू मोठ्या प्रमाणावर वस्ती करतो, हे लेडन, मार्पल्स आणि क्लिगमन यांनी १९७४ साली दाखवले होते. त्याचेही स्पष्टीकरण यातून मिळाले. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील अर्विन मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि इसब यांचा घट्ट संबंध सिद्ध केला. हे प्रथिन त्वचेला बळकटी देते आणि त्यातून पाणी धरून ठेवणारे घटक तयार होतात. बेनिएने पाहिलेल्या घराण्याचा एक धागा येथे हाती लागला.

यानंतर स्निग्ध लेप हा उपचाराचा पाया ठरला. कोमट पाण्याची थोडा वेळ आंघोळ, साबणाऐवजी सौम्य धुण्याचे द्रव्य, टिपून घेतलेल्या ओलसर अंगावर लगेच मलम, आणि आजार भडकला असताना औषधावर ओल्या कापडाची पट्टी, ही रीत १९८० आणि १९९० च्या दशकांत रुग्णालयांत बसली. पालकांना हे हाताने करून दाखवण्याचे काम परिचारिकांनी केले. ब्रिटनमध्ये १९७५ पासून रुग्णांची व पालकांची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली.

घरगुती तेलांचीही मग परीक्षा झाली. ढाक्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचे तेल लावल्यावर जंतुसंसर्ग कमी झाल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. ऑलिव्ह तेलाने मात्र त्वचेचा गिलावा कमकुवत होतो, असे २०१३ च्या ब्रिटिश अभ्यासात दिसले. मोहरीच्या तेलाबद्दलही प्रतिकूल पुरावा आहे. फिलिपिन्समधील २०१४ च्या अभ्यासात इसबाच्या मुलांवर शुद्ध खोबरेल हे खनिज तेलापेक्षा सरस ठरले. शेंगदाण्याच्या तेलाचा धडा वेगळा होता. असे तेल असलेली मलमे लावलेल्या बाळांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी अधिक आढळते, असे २००३ साली ब्रिटनमध्ये गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी दाखवले. फाटक्या कातडीतून आत गेलेले अन्न शरीराला शत्रू वाटते, पोटातून गेलेले ओळखीचे होते, हा विचार यातून पुढे आला. २०१५ च्या त्यांच्या प्रयोगात तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणे खाऊ घातल्यावर ती अ‍ॅलर्जी मोठ्या प्रमाणात टळली. अन्न तोडण्याच्या जुन्या सल्ल्याच्या हे नेमके उलटे होते.

लेपांविषयीच्या अतिउत्साहालाही चाचण्यांनी आवर घातला. जन्मापासून रोज मलम लावल्याने इसब मुळात टळत नाही, हे २०२० साली ब्रिटनमधील मोठ्या प्रयोगात दिसले : दोन वर्षांच्या वयात मलम लावलेल्यांपैकी २३ टक्के आणि न लावलेल्यांपैकी २५ टक्के मुलांना इसब होता. आंघोळीच्या पाण्यात मिसळायच्या महागड्या तेलांचा वेगळा फायदा होत नाही, हे २०१८ साली कळले. लोशन, क्रीम, जेल आणि मलम यांत एकंदरीने फारसा फरक नाही, मूल जे लावू देईल ते चांगले, असा निष्कर्ष २०२२ साली निघाला.

इतर दीर्घ आजारांतील खाज

सर्वच खाजऱ्या मुलांना इसब नसतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या आणि डायलिसिसवर असलेल्या मुलांची त्वचा कोरडी पडते व खाजते. तेथेही स्निग्ध लेप ही पहिली पायरी असते. १९७७ साली बॉस्टनच्या बार्बरा गिलक्रेस्ट यांनी अतिनील किरणांनी अशी खाज कमी होते, हे मोठ्या रुग्णांत दाखवले. पित्त तुंबणाऱ्या यकृताच्या आजारांतील खाज सर्वांत छळणारी असते. पॅरिसच्या डॅनियल अलाजीय यांच्या नावाने ओळखला जाणारा आजार त्यांपैकीच. तेथे दोष कातडीत नसून रक्तात साठणाऱ्या पदार्थांत असल्याने लेप अपुरे पडतात. पित्ताम्ल आतड्यात बांधून ठेवणारी भुकटी, १९८० च्या दशकात सुरू झालेली पित्त शरीराबाहेर वळवण्याची शस्त्रक्रिया, यकृत प्रत्यारोपण आणि २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली मॅरॅलिक्सिबॅट व ओडेव्हिक्सिबॅट ही औषधे असा त्या उपचाराचा क्रम आहे. पुरळाविना अंगभर खाज सुटणाऱ्या मुलाचे यकृत आणि मूत्रपिंड तपासावे, हा नियम या अनुभवातून आला.

नवी औषधे आणि जुना पाया

स्टेरॉइड नसलेले पहिले प्रभावी मलम म्हणजे टॅक्रोलिमस. जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या जंतूपासून १९८४ साली मिळालेले हे औषध प्रत्यारोपणात वापरले जात होते. मलमाच्या रूपाने त्याला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली. चेहरा आणि पापण्या यांसारख्या नाजूक जागी ते उपयोगी पडते. डुपिलुमॅब हे इंजेक्शन २०१७ साली मोठ्यांसाठी आणि २०२२ साली सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी मान्य झाले. इसबातील दाह पेटवणारे संदेश ते अडवते. तीव्र इसबाच्या मुलांना त्याने मोठा दिलासा मिळतो, पण किमतीमुळे भारतातील बहुतेक कुटुंबांच्या ते आवाक्याबाहेर आहे.

या सर्व प्रवासानंतर रोजची देखभाल मात्र साधी उरली आहे : कोमट पाण्याची आटोपशीर आंघोळ, उटण्याने किंवा साबणाने न घासणे, अंग ओलसर असतानाच आणि दिवसातून पुन्हा एकदा भरपूर स्निग्ध लेप, सुती सैल कपडे, कापलेली नखे, आणि चट्टे भडकल्यावर डॉक्टरांनी सांगितलेले मलम सांगितलेल्या मापात व सांगितले तितके दिवस. पिवळी खपली, पू, ताप किंवा एकाएकी उठलेले दुखरे फोड दिसले तर घरगुती उपाय थांबवून मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. नवे औषध आले की रोजचे मलम सुटते, ही चूक या इतिहासात वारंवार झाली आहे. कोणतेही औषध त्या रोजच्या हाताची जागा घेत नाही.